डंपिंग ग्राउंडची माती आणि भाजीचा वाफा

मध्य किंवा हार्बर मार्गावरच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्या मुंबईकराला रुळांच्या कडेचे हिरवे वाफे ओळखीचे असतात. पालक, माठ, मुळा, अळू असे काय काय तिथे डोलत असते, आणि दोन्ही बाजूंनी काँक्रीटने वेढलेल्या त्या प्रवासात डोळ्यांना तेवढाच विसावा मिळतो. रेल्वेच्या मोकळ्या जमिनीवर अतिक्रमण होऊ नये आणि थोडी भाजीही पिकावी, असा त्यामागचा मूळ हेतू होता. ‘ग्रो मोअर फूड’ या नावाची योजनाच रेल्वेने त्यासाठी चालवली. हेतूत खोट काढण्यासारखे काही नाही. पण अनेक ठिकाणी या वाफ्यांना मिळणारे पाणी शेजारच्या नाल्यातले असते, आणि ज्या मातीत ही भाजी उगवते तिच्यात काय आहे हे ती पिकवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि संध्याकाळी जुडी निवडत बसलेल्या गृहिणीला सारखेच अज्ञात असते.

शहरातल्या दूषित, रिकाम्या पडलेल्या जमिनीवर शेती आणि वृक्षलागवड करावी ही कल्पना आता बरीच लोकप्रिय झाली आहे आणि मी स्वतः तिचा समर्थक आहे. परंतु ‘शेती आणि झाडे’ ही जोडी आपण ज्या सहजतेने उच्चारतो त्या सहजतेतच खरा धोका आहे. अशा जमिनीवर झाड लावणे आणि भाजी लावणे ही दोन पूर्णपणे वेगळी कामे आहेत. झाड जवळजवळ लगेच लावता येते आणि लावले पाहिजे. भाजी मात्र मातीची तपासणी होऊन तिचे निष्कर्ष सर्वांसमोर ठेवले जाईपर्यंत लावू नये, आणि लावायचीच असेल तर त्या मातीत न लावता तिच्यावर नव्याने तयार केलेल्या मातीत लावावी. हा क्रम उलटला तर जमीन सुधारण्याऐवजी तिच्यातले विष आपण गरिबाच्या ताटात वाढू.

झाडांच्या बाजूने बोलायचे तर मुंबईकराला पुराव्यासाठी लांब जावे लागत नाही. धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या दक्षिण काठावर सुमारे ३७ एकरांवर पसरलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान आज जिथे उभे आहे तिथे १९७० च्या दशकापर्यंत शहराचा कचरा टाकला जात असे. कचरा टाकणे थांबल्यावर या जागेचे काय करायचे असा प्रश्न आला, तेव्हा तिथे इमारती न उठवता निसर्ग शिक्षणाचे केंद्र करावे असा आग्रह काही निसर्गप्रेमींनी धरला आणि एमएमआरडीएने ते काम हाती घेतले. १९८३ मध्ये तिथे लागवडीला सुरुवात झाली ती डॉ. सलीम अली यांच्या हातून. कचऱ्याच्या ढिगावर मातीचा थर देऊन लावलेली ती रोपे जगतील की नाही याची खात्री त्या वेळी कोणी देऊ शकला असता असे मला वाटत नाही. उद्यान लोकांसाठी खुले झाले ते २२ एप्रिल १९९४ रोजी. म्हणजे पहिल्या रोपापासून उघड्या दारापर्यंत अकरा वर्षे गेली. आज तिथे पावसाळ्यात गेलेल्या माणसाला पायाखाली एके काळी काय होते हे सांगितल्याशिवाय कळत नाही. दाट सावली आहे, पक्षी आणि फुलपाखरे आहेत, औषधी वनस्पती आहेत, रोपवाटिका आहे, आणि शाळेची मुले पाने हातात घेऊन बाईंना नावे विचारत असतात.

या उदाहरणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट: त्या जागेने अन्न पिकवण्याचा दावा कधी केला नाही. तिथल्या झाडांनी जमीन ‘शुद्ध केली’ असेही म्हणता येणार नाही, कारण खालचा कचरा खालीच आहे. झाडांनी केले ते एवढेच, पण ते फार मोठे आहे. मुळांनी माती धरून ठेवली, पाचोळ्याने ती झाकली, त्यामुळे उन्हाळ्यात धूळ उडणे थांबले. पावसाचे काही पाणी पानांनी अडवले, काही मुळांनी उचलून हवेत परत पाठवले, त्यामुळे कचऱ्यातून झिरपून नदीकडे जाणारे पाणी घटले. दूषित जमिनीपासून माणसाला, विशेषतः लहान मुलाला, होणारा सर्वांत थेट त्रास हाताला लागणाऱ्या आणि नाकातोंडात जाणाऱ्या धुळीतूनच होतो. रांगणारे मूल जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते, म्हणून शिशाच्या विषबाधेत पहिला बळी तेच असते. रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे लक्षात घेतले तर नुसती जमीन झाकणे हासुद्धा सार्वजनिक आरोग्याचा कार्यक्रम ठरतो.

इथे एका गोड गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. वनस्पती जमिनीतले विष शोषून घेतात, तेव्हा मोहरी किंवा सूर्यफूल लावा आणि दोन-चार वर्षांत जमीन स्वच्छ करा, असे हल्ली फार उत्साहाने सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण ते विषाच्या जातीवर अवलंबून आहे. डिझेल, वंगणतेल यांसारखी सेंद्रिय प्रदूषके मुळांभोवतीचे जिवाणू खरोखरच फोडून टाकतात, आणि तिथे झाडे लावून वाट पाहणे हा उत्तम उपाय असू शकतो. शिसे, कॅडमियम, क्रोमियम हे धातू मात्र मूलद्रव्ये आहेत. ते कुजत नाहीत, विरत नाहीत, फक्त जागा बदलतात. शिशाचा हिशोब कागदावर मांडून पाहावा. एक एकर जमिनीच्या वरच्या वीस सेंटीमीटर थरात साधारण एक हजार टन माती असते. त्या मातीत किलोमागे ६०० मिलीग्रॅम शिसे आहे आणि ते ३०० वर आणायचे आहे असे धरले, तर तीनशे किलो शिसे बाहेर काढावे लागेल. आता मोहरीच्या एका पिकाने एकरी चार टन सुका पाला दिला आणि त्याने किलोमागे १०० मिलीग्रॅम शिसे उचलले असे उदारपणे मानले, तरी एका पिकामागे चारशे ग्रॅम शिसे निघते. तीनशे किलोंसाठी साडेसातशे पिके लागतील. वर्षाला दोन पिके घेतली तरी पावणेचारशे वर्षे. शिवाय काढलेला पाला गुरांना घालता येणार नाही, जाळता येणार नाही, तो घातक कचरा म्हणूनच हाताळावा लागेल. एका जातीचे नेचे आर्सेनिक फार मोठ्या प्रमाणात उचलते हे सिद्ध झाले आहे, आणि अशा अपवादांचा योग्य जागी उपयोग करावाच. पण शिशाच्या बाबतीत ‘झाडे विष खाऊन टाकतील’ ही आशा म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत किंवा करंज, उंबर यांसारखी आपली झाडे विष खात नाहीत, ते जागच्या जागी बांधून ठेवतात, आणि आपल्याला हवे आहे ते हेच.

आता भाजीकडे वळू. सर्व भाज्या सारख्या धोकादायक नसतात, हे प्रथम सांगितले पाहिजे. शिसे मुळांतून वर फारसे चढत नाही. ते बहुधा पानांवर बसलेल्या धुळीतून आणि मुळा-गाजरासारख्या कंदांना चिकटलेल्या मातीतून पोटात जाते. कॅडमियम मात्र पालकासारख्या पालेभाजीत सहज चढते, आणि पान कितीही धुतले तरी ते निघत नाही, कारण ते पानाच्या आतच असते. भेंडी, वांगी, टोमॅटो यांच्या फळांत धातू त्या मानाने कमी उतरतात आणि झाडावरच्या फळांत आणखी कमी. म्हणजे अनिश्चित जमिनीवर जे मुळीच लावू नये तेच, पालेभाजी आणि मुळा, आपण रुळांच्या कडेला सर्वाधिक लावतो, कारण ते महिन्याभरात हाती येते आणि रोखीने विकले जाते.

ही परिस्थिती बदलायची तर माती तपासायला हवी, आणि इथेच आपली व्यवस्था उघडी पडते. २०१५ पासून देशभर मृदा आरोग्य पत्रिका दिल्या जात आहेत. त्यांत बारा घटक मोजले जातात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन आणि त्यांच्या जोडीला सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. या यादीत शिसे नाही, कॅडमियम नाही, पारा नाही. पत्रिका पिकाच्या भुकेची चौकशी करते. खाणाऱ्याच्या जिवाची चौकशी तिच्या कक्षेतच नाही. गावातल्या शेतासाठी ही यादी एक वेळ पुरेशी मानता येईल, पण जिथे चाळीस वर्षे बॅटऱ्या फुटल्या, रंग सांडले, भंगार जळले आणि २००० सालापर्यंत शिसेयुक्त पेट्रोलचा धूर बसत राहिला, अशा शहरी जमिनीसाठी ती पुरेशी नाही. महापालिकेने शहरी लागवडीसाठी या बारा घटकांत चार-पाच जड धातूंची भर घालावी, हे काम आजच्या प्रयोगशाळांना अशक्य मुळीच नाही. अडचण आहे ती निष्कर्ष कळल्यावर काय करायचे याची. जमीन दूषित आहे असे एकदा कागदावर आले की तिचा भाव पडतो आणि कोणाची तरी जबाबदारी ठरते, म्हणून माती तपासायची घाई कोणालाच नसते.

या संदर्भात अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराची तुलना मला उद्बोधक वाटते, कारण तिथला प्रश्न आपल्या अगदी उलट आहे. मोटारींच्या या शहरात १९५० साली साडेअठरा लाख लोक राहत होते. २०२० च्या जनगणनेत ते सहा लाख चाळीस हजारांच्या आत आले. हजारो घरे ओस पडली, पाडली गेली आणि मागे उरले ते जुन्या रंगातल्या शिशाने आणि राडारोड्याने भरलेले मोकळे भूखंड. त्या शहराला मोकळ्या जमिनीवर शेती करणे नवे नव्हते. १८९३ च्या मंदीनंतर तिथले महापौर हेझन पिंग्री यांनी बेकारांना रिकाम्या जागांवर बटाटे लावायला दिले होते. अलीकडच्या पडझडीतही तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांनी स्वतःच्या बळावर परसबागा उभ्या केल्या. मग २०१२ च्या डिसेंबरात शहर परिषदेने पाच विरुद्ध चार मतांनी सुमारे दीड हजार भूखंड, म्हणजे अंदाजे १४० एकर जमीन, एका उद्योजकाला झाडे लावण्यासाठी अत्यल्प दराने विकली. २०१४ मध्ये स्वयंसेवकांनी तिथे एका दिवसात पंधरा हजार रोपे लावली. परिसर स्वच्छ झाला हे विरोधकांनाही नाकारता आले नाही, पण ज्यांनी वर्षानुवर्षे शेजारचा भूखंड स्वतः साफ ठेवला त्यांना तो विकत न देता एका धनिकाला एकगठ्ठा का दिला, हा त्यांचा प्रश्न अजून जिवंत आहे, आणि मला तो रास्त वाटतो. झाडे लावणे हे जमीन गिळण्याचे सभ्य रूप ठरू शकते.

डेट्रॉइटमध्ये दूषित जमीन रिकामी पडते कारण ती कोणालाच नको असते. मुंबईत ती सर्वांनाच हवी असते, म्हणून तिचे दूषितपण झाकले जाते. आपल्याकडे ‘रिकामी’ जमीन म्हणजे बहुधा भाव वाढण्याची वाट पाहणारी जमीन. गिरणगावातल्या जमिनींवरून किती मोठा वाद झाला हे आठवून पाहावे. १९९१ च्या नियमाने एक तृतीयांश मोकळी जागा, एक तृतीयांश म्हाडाची घरे असा वाटा ठरवला, २००१ च्या बदलाने तो वाटा फक्त गिरणीतल्या मोकळ्या जागेपुरता आकसला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. या सगळ्या झगड्यात चौरस फुटांचा हिशोब झाला, कामगारांच्या घरांचा झाला, तो व्हायलाच हवा होता. पण रंगखात्यांची, तेलाची, दगडी कोळशाच्या राखेची जी माती तिथे शतकभर साचली तिच्याबद्दल सार्वजनिक चर्चेत जवळजवळ काहीच ऐकू आले नाही.

हाच प्रश्न आता देवनारला अधिक क्रूर रूपात समोर उभा आहे. १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेणारा हा डोंगर २०१६ च्या जानेवारीत पेटला तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आणि गोवंडीच्या मुलांच्या छातीत तो त्याआधीपासूनच होता. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात देवनार-गोवंडीचा हा भाग, म्हणजे पालिकेचा एम-पूर्व विभाग, शहरात तळाला होता. २०२४ मध्ये राज्य सरकारने धारावी पुनर्विकासातील घरांसाठी या कचराभूमीतली सुमारे १२४ एकर जमीन देण्याचे ठरवले, आणि जागा मोकळी करण्यासाठी साचलेला सुमारे १८५ लाख टन कचरा उपसण्याचे काम पालिकेने काढले. कचरा उपसावाच, त्याबद्दल दुमत नाही. पण कचरा उचलला म्हणजे शंभर वर्षे त्याखाली झिरपलेले काळे पाणी, त्यातले धातू आणि खालच्या थरांतला वायू उचलला गेला असे होत नाही. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांतच म्हटले होते की बंद केलेल्या कचराभूमीवर मानवी वस्तीचा विचार पंधरा वर्षांच्या देखरेखीनंतर, वायू आणि झिरपणारे पाणी मानकांत बसत असल्याची व जमीन स्थिर असल्याची खात्री करूनच करता येईल. कचरा उपसला म्हणून हा नियमच लागू नाही, असा युक्तिवाद करता येईलही. मात्र या पंधरा वर्षांमागचे शहाणपण कोणत्याही तांत्रिक युक्तिवादाने खोटे ठरत नाही.

घरांची गरज खरी आहे, आणि जो माणूस दहा बाय दहाच्या खोलीत राहतो त्याला ‘तिथे जंगल करू’ असे सांगणे निर्दयपणाचे वाटू शकते. मला हा आक्षेप सर्वांत जड वाटतो. पण त्याचे उत्तर आक्षेपातच आहे. धारावीच्याच कडेला एका कचराभूमीचे उद्यान झाले, ते पुनर्विकासात ओढले जाईल या भीतीने प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि त्याच धारावीतल्या माणसांना दुसऱ्या कचराभूमीवर नेऊन बसवायचे, याला न्याय म्हणता येईल का? ज्या जमिनीवर आपण निश्चिंतपणे मेथी लावू शकत नाही, तिच्यावर बालवाडी कोणत्या विश्वासाने बांधणार? देवनारची उपसलेली जमीन पंधरा वर्षे झाडांखाली ठेवावी, तिथल्या पाण्याचे आणि मातीचे नमुने दरवर्षी घेऊन त्यांचे आकडे वस्तीतल्या फलकावर मराठीत, हिंदीत आणि उर्दूत लावावेत, आणि त्यानंतरच पुढचा विचार व्हावा. कचऱ्यातला वायू मुळांचा प्राणवायू हिरावून घेतो, म्हणून पहिली काही रोपे मरतील आणि पुन्हा लावावी लागतील. तसे होईल हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे पहिल्या उन्हाळ्यातच योजना फसली अशी ओरड होणार नाही.

कायद्याच्या बाजूने एक पाऊल पडले आहे. दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी केंद्राने जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केले. संशयित जागा शोधणे, तपासणी करणे, प्रदूषण करणाऱ्याकडून खर्च वसूल करणे असा क्रम त्यांत आखून दिला आहे, आणि तो फार वर्षे हवा होता. परंतु कचराभूमीतल्या घनकचऱ्यामुळे झालेले दूषितीकरण या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. म्हणजे मुंबईची देवनार किंवा पुण्याची उरुळी देवाची, जिथल्या लोकांनी आपल्या विहिरी खराब होताना पाहिल्या, त्यांना पुन्हा घनकचरा नियमांच्याच दारात उभे राहावे लागेल. ही फट राज्याने स्वतःच्या नियमाने बुजवावी. झाडे लावली म्हणून प्रदूषण करणाऱ्याचा हिशोब मिटला, असे तर कधीच होता कामा नये.

आणि तरीही शहराने भाजी पिकवावी असे मला मनापासून वाटते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून माती तयार करून फळझाडे आणि भाज्या वाढवल्या गेल्या. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानेही पालापाचोळ्यातून सकस माती घडवण्याचे तंत्र सामान्य माणसाच्या हाती दिले. दूषित जमिनीवर करायचे ते हेच: खाली घट्ट अस्तर, वर हात-दीड हात उंचीचे वाफे, त्यांत आपण स्वतः केलेली माती, पाणी नळाचे किंवा साठवलेल्या पावसाचे, आणि वाफ्यांमधली वाट पाचोळ्याने झाकलेली, म्हणजे धूळ पानांवर बसणार नाही. सोसायट्यांचा ओला कचरा जागच्या जागी जिरवण्याचा प्रश्नही यातून काही अंशी सुटतो. हे खर्चिक आहे, कष्टाचे आहे, आणि म्हणूनच थोड्या जागेवर करावे.

राहता राहिला तो रुळांच्या कडेचा माळी. वाफा दुसऱ्याच्या नावावर, घाम याचा, आणि नाल्याच्या पाण्यात गुडघ्यापर्यंत उभा राहणाराही हाच. त्याची भाजी बंद करा असे म्हणणे सोपे आहे, आणि अधूनमधून तसे म्हटलेही जाते. पण त्याच वाफ्यांत झेंडू, शेवंती, तगर लावता येते, आणि दादरचा फुलबाजार तिथून काही स्थानकांवरच आहे. ज्या लाखो रोपांची शहराला दर पावसाळ्यात गरज पडते ती करंज, बहावा, ताम्हण यांची रोपेही पिशव्यांतल्या चांगल्या मातीत तिथेच तयार होऊ शकतात. महापालिकेने ती रोपे ठरलेल्या भावाने विकत घेण्याची लेखी हमी द्यावी, रेल्वेने वाफ्याचा करार प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावाने करावा, आणि नाल्याऐवजी शुद्ध केलेल्या सांडपाण्याची नळजोडणी द्यावी. पालकाची जुडी महिन्याभरात पैसे देते आणि रोपाला वर्ष लागते, हे अंतर त्याने एकट्याने सोसावे अशी अपेक्षा धरता येणार नाही. पहिल्या वर्षाची मजुरी पालिकेच्या उद्यान खात्याच्या अंदाजपत्रकात वेगळी दाखवूनच हे काम सुरू करावे लागेल.